तरवडाला कुणी पैसे देतं का!

मागच्या वर्षी पितृअमावस्येच्या आदल्या संध्याकाळी मी हैदराबादेत भाजी घ्यायला गेले होते आणि मंडईच्या बाहेर फुटपाथवर एक बाई पिवळ्या फुलांच्या जुड्या घेऊन बसलेली, पानं डहाळ्यांसकट, वर ओलं फडकं टाकलेलं. लांबून झेंडू वाटला, जवळ गेले तर चक्क तरवड! आपला माळावरचा तरवड. मी खुळ्यासारखी तिथंच थांबले, भाव विचारला, ती म्हणाली पचास. पन्नास रुपयाला एक जुडी. मी दोन घेतल्या आणि घरी येऊन आईला फोटो पाठवला. दुसऱ्या मिनिटाला फोन.

"अगं तरवड विकत घेतलास? पैसे देऊन?"

"हो की, शंभरला दोन जुड्या."

"शंभर?" मग थोडा वेळ काहीच नाही, मग मागं बाबांना सांगितल्याचा आवाज, "ऐकलं का ओ, हिनं तरवडाला शंभर रुपये दिलेत." बाबा कायतरी बोलले ते मला ऐकू आलं नाही, पण दोघं हसत होते एवढं कळलं.

त्यांचंही चूक नाही. सोलापूरकडं तरवडाला कुणी पैसे देत नाही, तरवडाला कुणी काहीच देत नाही, पाणी नाही, खत नाही, लक्ष तर नाहीच. मोहोळकडं आमचं गाव, तिथं ओढ्याच्या पलीकडं जो मुरमाड माळ होता त्यावर कुसळी गवत आणि तरवड एवढंच असायचं, कमरेएवढी ते डोक्याएवढी झुडपं, शेळ्यासुद्धा दुसरं काही असलं तर त्याला तोंड लावत नाहीत. वर्षातले तीनशे पंचावन्न दिवस ते झुडूप कुणाच्या गावीही नसायचं. आणि मग घट बसले की सकाळी सकाळी सगळ्या गावाची पोरं माळावर.

ज्यांच्याकडं घट बसत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. नवरात्रात पत्रावळीवर शेतातली माती पसरायची, त्यात धान्य पेरायचं, मधे मातीचा घट, आणि वरून रोज एक माळ सोडायची. पहिली माळ आमच्याकडं विड्याच्या पानांची असते, त्यानंतर मग तरवडाची, कारळ्याची, झेंडूची, जे असेल ते, पण तरवडाची झाली नाही असं होत नाही. आजी तर म्हणायची बाकीची फुलं हौसेची, तरवड देवीचा. का देवीचा ते तिला विचारलं तर "तिला आवडतो" एवढंच. आता ह्याच्यापुढं काय वाद घालणार.

फुलं काढायला आम्ही आजोबांबरोबर जायचो. ह्या फुलाचं देठ मऊ असतं, ओढलं की पाकळ्या हातात आणि बाकी झाडाला, त्यामुळं आजोबा अख्खा झुबका नखानं खुडायला लावायचे. आणि भुंगे! मोठे काळे, पंख निळसर चमकणारे, फुलाला मिठी मारून बसायचे आणि एकदम गुर्र्र असा आवाज काढायचे, उडताना येतो तसा नाही, जरा वरच्या पट्टीतला. आम्हाला वाटायचं चिडलाय. कितीतरी वर्षांनी कळलं की ह्या फुलात मधच नसतो. भुंगा येतो तो परागासाठी, आणि परागाची पिशवी बाकीच्या फुलांसारखी उभी फाटत नाही, तिला टोकाला फक्त बारीक भोक असतं, मीठदाणीसारखं. मग भुंगा काय करतो, पुंकेसर धरून पंख न हलवता नुसते अंगातले उडायचे स्नायू थरथरवतो आणि त्या हादऱ्यानं पराग भुरभुर बाहेर पडतात. तो गुर्र म्हणजे ते. मधमाशीला ही युक्ती जमत नाही. अजून एक गंमत, सगळे पुंकेसर सारखे नसतात, मधले आखूड ते भुंग्याला खायला आणि खालचे लांब वाकडे असतात ते गुपचूप त्याच्या अंगाला पराग चोपडतात. म्हणजे एका हातानं जेवायला वाढायचं आणि दुसऱ्या हातानं खिशात चिठ्ठी सरकवायची, "जाता जाता एवढी पोचव."

तर त्या शंभर रुपयांकडं परत येते. जुड्या घेऊन लिफ्टमधे शिरले तर समोरच्या फ्लॅटमधल्या आंटी भेटल्या, वरंगलकडच्या, आणि माझ्या हातात ते बघून त्यांचा चेहरा असा खुलला की जणू मी त्यांच्या माहेरची कुणी निघाले. "अरे, तंगेडु! तुम भी बतुकम्मा करते क्या?" मी म्हटलं नाही आंटी, घट बसतात आमच्याकडं परवापासून. त्यांना घट कळला नाही, मला बतुकम्मा, म्हणजे इथला फुलांचा सण, अर्धवट कळत होती, नऊ वर्षं ह्या शहरात राहून मी ती लांबूनच बघितलेली, खाली सोसायटीत बायका गोल फिरतात आणि त्या दिवशी पार्किंग मिळत नाही एवढाच माझा संबंध. त्या म्हणाल्या ये उद्या, फूल लेके आ. आणि मग जाता जाता एकदम अभिमानानं, "ये हमारा स्टेट फ्लॉवर है, मालूम?"

मालूम नव्हतं. खरंच नव्हतं.

घरी येऊन बघितलं. २ जून २०१४ ला तेलंगण वेगळं झालं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांनी राज्याची चिन्हं जाहीर केली. एकत्र आंध्र असताना राज्यफूल होतं पाण्यातलं, कलुव म्हणजे कुमुदिनी. नव्या राज्यानं ते सोडलं आणि घेतलं तंगेडु, म्हणजे आपला तरवड. पुढं २०१८ ला उरलेल्या आंध्रानं मोगऱ्याच्या जातकुळीतली मल्ली घेतली. म्हणजे एकाकडं सुवासिक गजरा आणि एकाकडं आमचं मुरमातलं झुडूप, ज्याला सांगण्यासारखा वाससुद्धा नाही. पहिल्यांदा मला हसूच आलं. फूल निवडायचं तर कमळ आहे गुलाब आहे, रस्त्याच्या कडेला धूळ खात उभं असलेलं तरवड कोण निवडतं?

पण बाकीची चिन्हं वाचल्यावर मात्र मी जरा गप्प झाले. झाड जम्मि, म्हणजे शमी. पक्षी पालपिट्ट, म्हणजे नीलकंठ (हा आधीच्या राज्याचाही होता, तो त्यांनी ठेवला). प्राणी हरीण. आता बघा, तंगेडु कधी लागतं, बतुकम्मेला, म्हणजे पितृअमावस्येपासून दुर्गाष्टमीपर्यंत. शमी कधी, दसऱ्याला, आपण आपट्याची पानं देतो तशी इथं शमीची पानं "बंगारम" म्हणून एकमेकांच्या हातात देतात, बंगारम म्हणजे सोनंच. आणि नीलकंठ कधी बघायचा असतो, तर दसऱ्याच्या दिवशीच, तो दिसला की वर्ष चांगलं जातं म्हणून लोक गावाबाहेर जाऊन आभाळाकडं बघत उभे राहतात. चारातली तीन चिन्हं एकाच दहा-अकरा दिवसांतली! कुणी ठरवून केलं की आपोआप झालं ते सोडा, पण मला एकदम पटलं की हे फाईलमधून आलेलं नाही, हे लोकांच्या हातात आधीपासून होतं, सरकारनं फक्त शिक्का मारला. त्यातून बतुकम्मा वेगळ्या राज्याच्या आंदोलनात रस्त्यावर आलेली, बायका चौकाचौकात ती मांडून गाणी म्हणत होत्या, त्यामुळं राज्य झाल्याझाल्या बतुकम्मा हा राज्याचा सण झाला आणि मग तिच्यातलं मुख्य फूल हे राज्याचं फूल, ह्यात नवल काही उरलंच नाही.

आता आपलं बघा. महाराष्ट्राचं राज्यफूल कोणतं? ऑफिसात चार मराठी माणसं आहेत, सगळ्यांना विचारलं. दोघांनी शेकरू सांगितलं (फूल विचारलं होतं!), एकानं मोगरा, एकानं "आहे का आपल्याला?" ताम्हण आहे, जारूळ म्हणतात त्याला, उन्हाळ्यात जांभळ्या फुलांनी भरतं, बघण्यासारखं दिसतं ह्यात शंका नाही आणि कोकणात ते नदीओढ्याकाठी आपसूक असतं. पण आमच्या सोलापुरात ते कुणीतरी लावलेलंच बघितलंय मी, बागेत नाहीतर कलेक्टर ऑफिसच्या बाजूला. माझा ताम्हणावर राग नाही, सुंदर झाड आहे. पण ते कुठल्या सणाला लागतं, कुठल्या घरात जातं? पूजेचं ताम्हन वेगळं, हे ताम्हण वेगळं, एवढा खुलासा करावा लागतो इथपासून सुरुवात. तरवड मात्र निम्म्या महाराष्ट्राच्या घटावर नऊ दिवस लटकत असतो आणि त्याला आपण काय दिलं तर गुंठेवारीत पहिला जेसीबी त्याच्यावरच फिरवला.

दुसऱ्या दिवशी आंटींकडं गेले. हॉलमधे वर्तमानपत्र पसरून चार बायका, मधे मोठं पितळी ताट, भोवती फुलांचे ढीग. तंगेडु, बंति म्हणजे झेंडू, चामंति म्हणजे शेवंती, आणि एक पांढरट रुपेरी तुरे होते त्यांना गुनुगु म्हणतात. मी हातात घेऊन बघितलं तर तो कुर्डू! ज्वारी-तुरीत खुरपताना आई जो कुर्डू शिव्या देत उपटते तो. इथं त्याच्या जुड्या बांधून टोकं गुलाबी, हिरव्या, निळ्या रंगाच्या पाण्यात बुडवून ठेवलेल्या. म्हणजे शेतातलं तण आणि माळावरचं झुडूप, ह्या दोघांवर ह्यांचा सगळ्यात मोठा सण उभा, बाकी झेंडू शेवंती भर घालायला.

मांडणी बघायला सोपी वाटते, करायला बसले तेव्हा कळलं. खाली भोपळ्याची पानं, मग फुलांचं एक गोल कडं, देठ आत आणि तोंड बाहेर, मधल्या पोकळीत चुरलेला पाला भरायचा म्हणजे वरचा थर खचत नाही, मग त्याच्यावर जरा लहान कडं, असं करत करत देवळाच्या शिखरासारखं वर न्यायचं. तंगेडु सुटं ठेवलं तर लगेच मान टाकतं, म्हणून बारीक जुडी दोऱ्यानं बांधून देठं एका लांबीत कापून मग लावतात. माझा दुसराच थर एका बाजूला कलला. आंटींनी काही न बोलता तो काढला आणि परत लावला, माझ्या हातात मात्र कात्री देऊन ठेवली, तू देठं काप. ठीक आहे. सगळ्यात वर हळदीची गौरम्मा बसवली. बतुकु म्हणजे जगणं, त्यावरून बतुकम्मा, जगवणारी आई म्हणा किंवा "आई, जगत राहा" म्हणा, तिथल्या चार बायकांनी चार अर्थ सांगितले आणि आपसात भांडल्या.

नऊ दिवसांची नऊ नावं आहेत, प्रत्येक दिवसाचा नैवेद्य वेगळा, दुसऱ्या दिवशी पोहे, पाचव्या दिवशी डोसे, शेवटच्या सद्दुल दिवशी दहीभात, चिंचेचा भात असे कितीतरी भात. पण माझा आवडता दिवस सहावा. त्याचं नाव अलिगिन बतुकम्मा, म्हणजे रुसलेली. त्या दिवशी बतुकम्मा मांडतच नाहीत, नैवेद्यही नाही, ती रुसलीये म्हणून सुट्टी. सलग पाच दिवस फुलं गोळा करून करून दमलेल्या कुठल्यातरी बाईनंच हा दिवस शोधून काढला असणार, मी पैज लावायला तयार आहे.

संध्याकाळी खाली सगळ्यांच्या बतुकम्मा मधे ठेवल्या आणि बायका गोल फिरत टाळ्या वाजवत गायला लागल्या, प्रत्येक ओळीच्या शेवटी उय्यालो, उय्यालो. उय्याल म्हणजे झोका. भोंडल्याची आठवण येणारच होती, ती आलीच, त्यावर वेगळं काय लिहू, फरक एवढाच की आपल्याकडं मधे पाटावर हत्ती आणि इथं मधे फुलांचं शिखर. मग प्रसाद आला, बाजरीच्या भाकरीचा गूळ घालून केलेला मलीदा. नावसुद्धा मलीदाच. मी दोन वाट्या खाल्ल्या.

हे सगळं आईला फोनवर सांगत होते तर ती मधेच म्हणाली, "अगं, आपल्या पूर्व भागात करतात की हे." आणि मला एकदम लाज वाटली. सोलापूरचा पूर्व भाग म्हणजे पद्मशाली समाज, तेलंगणातून पिढ्यांपूर्वी मागावर काम करायला आलेली माणसं, सोलापुरी चादर म्हणून जगाला जी माहिती आहे ती त्यांच्या हातची. माझ्या वर्गात निम्म्या मुली तिकडच्या होत्या. आणि हो, नवरात्रात त्यांच्या गल्लीत फुलांचं काहीतरी ताटात घेऊन बायका जायच्या, मी सायकलवरून बघितलेलं. म्हणजे माळ एकच, झुडूप एकच, शहर एकच, आम्ही सकाळी येऊन घटासाठी खुडत होतो आणि आमच्या आधी येऊन कुणीतरी बतुकम्मेसाठी खुडून गेलेलं, आणि मला हे कळायला तीनशे किलोमीटर लांब येऊन शंभर रुपये द्यावे लागले. सोळा वर्षांची होईपर्यंत एका मैत्रिणीच्याही घरी त्या दिवसांत गेले नाही. बोलावलं असतं तर गेले असते, विचारलं असतं तर बोलावलं असतं, असंच काहीतरी.

तरवडाचं अजून एक काम होतं ते आता लोक विसरलेत. ह्याच्या सालीत टॅनिन भरपूर, त्यामुळं कातडं कमवायला ती वापरायचे. इंग्रजीत तर त्याचं नावच टॅनर्स कॅशिया. जुन्या मद्रास इलाख्यात कातड्याचा केवढा मोठा धंदा ह्या सालीवर चालायचा, अर्धं कमावलेलं कातडं जहाजानं विलायतेला जायचं, पुढं आफ्रिकेतून वॉटल नावाच्या बाभळीची साल यायला लागली तेव्हा तरवड मागं पडला. आजोबांना हे माहिती होतं, मद्रास वगैरे नाही, पण साल सोलून पोत्यात भरून नेणारी माणसं त्यांनी लहानपणी पाहिलेली. ते तरवडाच्या काडीनं दातही घासायचे, मला एकदा दिली होती, तुरट, तोंड नुसतं आक्रसलं. तमिळनाडूत ह्याला आवारम म्हणतात आणि तिथं म्हण आहे की आवारम फुललेल्या ठिकाणी मरणारा माणूस कुणी पाहिलाय का? श्रीलंकेत रणवरा म्हणून ह्याच्या फुलांचा चहा पितात. आपल्याकडं मधुमेहासाठी काढा करणारे आहेत, व्हॉट्सॲपवर तर सगळ्याच रोगांवर आहे, पण माझं ऐकाल तर गोळ्या बंद करून काढे पिऊ नका, फुलं बघायला आहेत, बघा.

ह्याला ताम्हणासारखंच दुसरं एक नाव कायम आडवं येतं, तेरडा. पुण्याची मैत्रीण म्हणाली, "अगं तेरड्याचा रंग तीन दिवस, तोच ना?" नाही गं बाई. तेरडा पावसाळी, रसरशीत खोडाचा, गुलाबी. तरवड झुडूप, बारमाही, पिवळा, बहाव्याच्या आणि टाकळ्याच्या नात्यातला. पानाच्या देठापाशी कानाच्या पाळीसारखी दोन गोल उपपर्णं असतात, त्यावरून शास्त्रीय नाव सेन्ना ऑरिक्युलाटा, कानवाली. एकदा ते कान बघितले की परत चुकत नाही. शेंगा चपट्या, कागदासारख्या, वाळल्या की वाऱ्यावर खुळखुळतात. आम्ही त्या पायाला बांधून नाचायचो.

तर ह्या वर्षी मी ठरवलं की विकत घ्यायचा नाही. उन्हाळ्यात गावाला गेले तेव्हा माळावर गेले, म्हणजे माळाचं जे उरलंय तिथं, निम्म्यात प्लॉटचे दगड रोवलेत आणि कमानीवर कुठल्यातरी सिटीचं नाव आहे, पण ओढ्याच्या कडेला झुडपं होती. मूठभर शेंगा आणल्या. बी फार टणक असतं, नुसतं पेरलं तर पडून राहतं, म्हणून रात्रभर गरम पाण्यात टाकलं आणि जूनमधे बाल्कनीतल्या तीन कुंड्यांत लावलं. कुंडीत चांगली माती घातली होती, बाबा फोनवर ओरडले, "मुरूम घाल, लाड करू नको त्याचे." नवऱ्यानं कन्स्ट्रक्शन साईटवरून पिशवीभर मुरूम मागून आणला, वॉचमनला काय वाटलं असेल देव जाणे. अकरा रोपं आली. ऑगस्टपर्यंत वीतभर झाली, कान दिसायला लागले, मी रोज फोटो पाठवायची आणि आई रोज अंगठा.

मग एका सकाळी बघते तर पानं कुरतडलेली. हिरव्यागार अळ्या, पानाच्या शिरेवर अशा चिकटून बसलेल्या की हात लागेपर्यंत दिसत नाहीत. मी औषध फवारायला निघाले होते, आंटी बघायला आल्या आणि म्हणाल्या थांब, ये तितली का बच्चा है. खरंच होतं, फिकट पोपटी-पांढरी फुलपाखरं असतात ना, पावसाळ्यात थव्यानं एकाच दिशेला जातात ती, त्यांची अळी तरवड-टाकळा ह्या मंडळींवरच वाढते. पाचव्या मजल्यावर, एवढ्या सिमेंटच्या जंगलात, तिला माझी तीन कुंड्या तरवड सापडला कसा हे मला अजून कळलेलं नाही. फवारलं नाही. आठवड्याभरात दहा रोपांच्या नुसत्या काड्या राहिल्या आणि अकराव्याला चार पानं.

तसंही पहिल्या वर्षी फूल आलंच नसतं. पितृअमावस्या अकरा दिवसांवर आलीये, आंटींनी देठं कापायचं काम मला आत्ताच देऊन ठेवलंय, आणि काल मंडईबाहेर बघून आले, ती बाई अजून बसायला लागलेली नाही. ह्या वेळी जुडी साठ म्हणाली तरी घेणार. आईला तेवढं कुणी सांगू नका.